महाग आहे की परवडत नाही?

भाषांतराचं काम नवीन असताना मी एका आरोग्यविषयक पुस्तिकेत असं वाक्य लिहिलं होतं: 'कर्करोगावरील उपचारांच्या प्रतिबंधात्मक खर्चामुळे अनेक कुटुंबे उपचार अर्ध्यावर सोडतात.' मूळ इंग्रजी मजकुरात खर्चाला 'प्रोहिबिटिव्ह' असं विशेषण होतं. मी कोश उघडला, 'प्रतिबंध करणारा' असा अर्थ सापडला, त्याला जरा शासकीय इस्त्री केली आणि पुढच्या वाक्याला लागले. पुस्तिका छापून वाटली गेली. काही दिवसांनी एका आरोग्यसेविकेनं विचारलं, "मॅडम, हा प्रतिबंधात्मक खर्च म्हणजे नक्की कसला? लसीचा का?"

प्रश्न अगदी रास्त होता. मराठीत प्रतिबंधात्मक म्हणजे आजार होऊ नये म्हणून आधीच करायचं ते: डासांची फवारणी, लसीकरण, पाण्यात टाकायचं क्लोरीन. माझ्या वाक्याचा अर्थ असा होत होता की लोक कर्करोग टाळण्यावर इतका पैसा घालतात की उपचाराला काही उरतच नाही. सांगायचं होतं ते कुणीही शेजारीण एका दमात सांगेल: उपचार परवडत नाहीत, म्हणून अर्ध्यावर सोडतात.

त्या दिवसापासून मी 'खूप जास्त किंमत' सांगणारे शब्द गोळा करायला लागले. आपल्याकडे ते ढिगानं आहेत. महाग, महागडा, भरमसाट, अवाच्या सवा, डोईजड, आवाक्याबाहेरचा, न परवडणारा. कोशात हे सगळे एकमेकांचे सख्खे भाऊ वाटतात, वापरायला गेलं की कळतं, प्रत्येकाची नजर वेगळीकडे आहे. कुणी वस्तूकडे बघतो, कुणी विकणाऱ्याकडे, कुणी घेणाऱ्याकडे. चुकीच्या ठिकाणी बघणारा शब्द घेतला की वाक्य माझ्यासारखं फसतं.

महाग आणि महागडा

'महाग' हा शब्द संस्कृतातल्या 'महार्घ' वरून आला. अर्घ म्हणजे मोल. म्हणजे किंमत या शब्दाच्या पोटातच आहे, आणि म्हणून 'महाग किंमत' हा पिवळ्या पीतांबराचा प्रकार आहे. वस्तू महाग असते. किंमत जास्त असते, भाव चढे असतात, फी भरमसाट असते. उलट बाजूला 'स्वस्त दरात' ही पाटी निम्म्या बाजारपेठेत लावलेली आहे आणि तिच्यातही तीच चूक आहे, पण ती इतकी रुळली आहे की मी तिच्याशी भांडणं सोडून दिलं. भाषेत काही चुका निवृत्त होईपर्यंत नोकरी करतात.

महागचा प्रतिस्पर्धी एकेकाळी 'सवंग' होता. सवंगाई म्हणजे स्वस्ताई. आता सवंग लोकप्रियता असते, सवंग विनोद असतो, पण सवंग टोमॅटो कुणी विकत नाही. कमी किमतीचा शब्द घसरत घसरत कमी दर्जाचा झाला. महागचं तसं झालं नाही. तो अजून भाजीबाजारातच आहे.

'महागडा' मात्र भाजीबाजारात जात नाही. कांदा महाग होतो, महागडा होत नाही. घड्याळ महागडं असतं, गाडी महागडी असते, शाळा महागडी असते. महाग ही स्थिती आहे, आज आहे, उद्या कदाचित नाही. महागडा हा स्वभाव. शिवाय त्यात थोडी खुन्नस असते. 'महागडी शाळा' असं म्हणणारा माणूस बहुतेक वेळा त्या शाळेच्या फाटकाबाहेर उभा असतो. व्याकरणही वेगळं: महाग कुठल्याही नामापुढे तसाच राहतो, महाग घर, महाग साडी, महाग बूट. महागडा मात्र नामाप्रमाणे बदलतो, महागडं, महागडी, महागडे.

दोन्ही शब्द वस्तूबद्दल बोलतात, माणसाबद्दल नाही. मोसमाच्या सुरुवातीची हापूसची पेटी महाग असते. तरी ती घेणारे असतात. महाग म्हटल्यावर कुणाला घेता आली आणि कुणाला नाही, हे कळत नाही.

याला एक अपवाद आहे आणि तो मला फार आवडतो. 'पोरं दुधाला महाग झाली.' इथे महाग कोण? दूध नाही. पोरं. विशेषण वस्तूवरून उचलून थेट माणसावर ठेवलं आहे आणि वस्तूला 'ला' लावला आहे. 'दोन घासांना महाग', 'औषधाला महाग', 'घोटभर पाण्याला महाग'. दुधाचा भाव किती, कुणी वाढवला, का वाढवला, यातलं काहीच हे वाक्य सांगत नाही. भाव कदाचित जागच्या जागीच असेल. बापाची गिरणी बंद पडली असेल. पोराच्या पेल्यात दूध नाही, इतकंच त्यात आहे. मला 'प्रोहिबिटिव्ह' ला प्रतिशब्द शोधायचा होता, तो आजीच्या बोलण्यात हा असा, उलटा होऊन बसलेला होता.

डोक्यावरचं ओझं

बाकीच्या शब्दांची नजर पटकन पाहून घेऊ. 'भरमसाट' फक्त प्रमाण मोजतो: भरमसाट फी, भरमसाट वीजबिल, आणि पैशाशी संबंध नसला तरी भरमसाट गृहपाठ. 'अवाच्या सवा' मध्ये विकणाऱ्याची नियत आली. रात्री साडेबाराला एसटी स्टँडबाहेर रिक्षावाला जे भाडं सांगतो ते अवाच्या सवा. मीटरप्रमाणे चारशे झाले तर ते फार झाले, पण अवाच्या सवा नाहीत. 'अवाजवी' हा त्याचाच कोट घातलेला भाऊ, न्यायालयात आणि तक्रार अर्जात शोभणारा.

'डोईजड' मात्र घेणाऱ्याचा शब्द आहे. डोई म्हणजे डोकं. मोळी, हंडा, पाटी डोक्यावर घेणाऱ्या माणसाच्या मानेला जे कळतं ते त्यात आहे. सावकाराचं व्याज डोईजड होतं, सोसायटीची थकबाकी डोईजड होते. एकच ओझं एकाला पेलतं, दुसऱ्याला डोईजड होतं, म्हणजे वजनाबरोबर मान कोणाची हेही मोजलं गेलं. गंमत अशी की हाच शब्द आपण माणसालाही लावतो: मुकादम डोईजड झाला, मेव्हणा डोईजड झाला. नाकापेक्षा मोती जड ही म्हण त्याच घरातली. दागिना मौल्यवान आहे, पण नाक कुणाचं आहे ते आधी बघायला नको का?

'आवाक्याबाहेर' आणि 'हाताबाहेर' यांची गल्लत मात्र कटाक्षानं टाळावी. घराच्या किमती आवाक्याबाहेर गेल्या म्हणजे आपला हात पोचत नाही. लग्नाचा खर्च हाताबाहेर गेला म्हणजे आपण करत होतो तो आवरला नाही. पहिल्यात पैसे खर्चच झाले नाहीत. दुसऱ्यात नको इतके झाले.

आणि एक निरीक्षण, जे कुठल्या व्याकरणात मला सापडलेलं नाही. मोठी रक्कम आपल्याकडे येत असेल तर ती घसघशीत असते: घसघशीत बोनस, घसघशीत सूट. आपल्याकडून जात असेल तर भरमसाट. दुसऱ्याकडे जात असेल तर गलेलठ्ठ: गलेलठ्ठ पगार हा कायम दुसऱ्याचाच असतो.

परवडणे: एक वाक्य, दोन माणसं

आता मुख्य शब्द. 'परवडणे' हे क्रियापद आवडणे, जमणे, झेपणे, पचणे यांच्या पंगतीत बसतं. 'मी घर परवडतो' असं आपण म्हणत नाही. 'मला घर परवडतं' म्हणतो. कर्त्याच्या जागी घर आहे, क्रियापद घराप्रमाणे चालतं (गाडी परवडली, भाडं परवडलं), आणि माणूस 'ला' लावून बाजूला उभा आहे. म्हणजे परवडणं हे त्या दोघांमधलं नातं आहे. त्यामुळे 'कोणाला' हे सांगितल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही. बोलताना तो 'मला' गाळला तरी ऐकणाऱ्याला माहीत असतो. लिहिताना गाळला की घोटाळा होतो.

हा घोटाळा किती मोठा होऊ शकतो ते कांद्यावरून बघा. नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावच्या बाजार समितीत लिलाव झाल्यावर ट्रॅक्टरशेजारी उभा शेतकरी म्हणतो, "ह्या भावात कांदा परवडत नाही." त्याच आठवड्यात दादरच्या मंडईत पिशवी घेऊन उभी बाई म्हणते, "ह्या भावात कांदा परवडत नाही." शब्द न् शब्द तोच. एकाचं म्हणणं भाव फार कमी आहे, दुसरीचं म्हणणं भाव फार जास्त आहे. शेतकऱ्याच्या 'परवडत नाही' मध्ये रोपं, खत, औषध, काढणीची मजुरी आणि बाजारापर्यंतचं भाडं आहे, त्यातलं काही निघत नाही असं तो सांगतोय. बाईच्या 'परवडत नाही' मध्ये महिन्याचा किराणा आहे. आणि दोघंही एकाच वेळी खरं बोलत असू शकतात, कारण लिलावातला क्विंटलचा भाव आणि मंडईतला किलोचा भाव यांच्यामध्ये हमाली, तोलाई, वाहतूक, घट, आडत, दुकानाचं भाडं असा एक मोठा रस्ता आहे.

म्हणून 'कांदा परवडेना' असा मथळा मी वर्तमानपत्रात वाचते तेव्हा खालची बातमी वाचेपर्यंत मला कळत नाही की कांदा वर गेलाय की खाली आलाय.

'किफायतशीर' या शब्दाचं हेच आहे. दुकानाच्या पाटीवर किफायतशीर म्हणजे गिऱ्हाइकाच्या फायद्याचं. उसाच्या बातमीत 'रास्त आणि किफायतशीर दर' म्हणजे ऊस देणाऱ्याच्या फायद्याचा, ज्याला सगळे नुसतं एफआरपी म्हणतात. तो दर वाढला की कारखानदार म्हणतात, आम्हाला परवडत नाही. झाले तीन.

परवडण्याचा आणखी एक अर्थ आहे, ज्याचा ऐपतीशी संबंधच नाही. जुन्या मिक्सरची मोटर जळली, दुरुस्तीला अठराशे सांगितले, नवीन मिक्सर अडीच हजाराला मिळतोय. आपण म्हणतो, "दुरुस्ती परवडत नाही." अठराशे रुपये खिशात आहेत. पण घालण्यात शहाणपण नाही. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण या अर्थासाठी आहे. बारा आणे नाहीत अशी तक्रार तिच्यात नाही, बारा आण्यांचं काय करताय असा प्रश्न आहे. आणि भूतकाळी रूपात तर पैसा पूर्ण गळून पडतो: 'एक वेळ त्याचा राग परवडला, पण अबोला नको.' इथे परवडला म्हणजे सोसला असता.

जेव्हा किंमतच बंदी असते

माझ्या चुकलेल्या 'प्रोहिबिटिव्ह' कडे परत येते, कारण त्या शब्दात परवडण्याहून थोडं जास्त आहे. अमेरिकेतल्या दारूबंदीला इंग्रजीत 'प्रोहिबिशन' म्हणतात, त्याच धातूतला हा शब्द. कायद्यानं मनाई नाही, दुकान उघडं आहे, कुणी हात धरलेला नाही. फक्त किंमत अशी आहे की तीच दारात आडवी पडलेली असते. हे नुसतं शब्दांचं कौतुक नाही. किंमत वाढवून बंदी आणणं हे सरकारांचं जुनं हत्यार आहे.

पुन्हा कांदाच घ्या. 28 ऑक्टोबर 2023 रोजी केंद्र सरकारनं कांद्याचं किमान निर्यात मूल्य टनाला 800 डॉलर ठरवलं. किलोला साधारण 67 रुपये. किमान निर्यात मूल्य हा कर नव्हे, त्यातून तिजोरीत काही जमा होत नाही. अर्थ एवढाच, की या भावाच्या खाली परदेशी गिऱ्हाइकाला कांदा विकायचा नाही. कागदावर निर्यात खुली. पण परदेशातल्या व्यापाऱ्याला दुसऱ्या देशाचा कांदा त्याहून कमी भावात मिळत असेल, तर तो आपल्याकडे कशाला येईल? आणि आपल्या निर्यातदाराला भाव कमी करून विकायची मुभाच नाही. डिसेंबर 2023 मध्ये सरळ निर्यातबंदी आली. ती 4 मे 2024 रोजी उठली, पण उठताना टनाला 550 डॉलरचं किमान मूल्य आणि 40 टक्के निर्यात शुल्क ठेवून. कुलूप काढलं, कडी राहिली.

अशा दराला मराठीत काय म्हणावं? 'महाग दर' म्हणू नये हे वर आलंच. 'न परवडणारा दर' चालेल. मी 'निर्यात रोखून धरणारा दर' लिहिते, कारण तिथे दराचं काम रोखण्याचं आहे, आणि ते काम क्रियापदानंच सांगितलेलं बरं.

न्यायालयातही ही युक्ती, कधी हेतूनं तर कधी निष्काळजीपणानं, होते. 1978 सालचा मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य हा खटला वकिलीच्या विद्यार्थ्यांना माहीत असतो. मोतीराम गवंडी होता. सर्वोच्च न्यायालयानं त्याला जामीन दिला आणि तपशील ठरवायचं काम खालच्या न्यायालयावर सोडलं. तिथे 10,000 रुपयांचा जामीनदार मागितला गेला, वर भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून तो जामीनदारही नाकारला. जामीन मंजूर, माणूस आतच. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी रक्कम 1,000 वर आणली. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 440 मध्ये साधं सांगितलं होतं की बंधपत्राची रक्कम प्रकरणाची परिस्थिती बघून ठरवावी आणि ती अवाजवी नसावी. 10,000 रुपये हा आकडा एखाद्या बांधकाम ठेकेदाराला अवाजवी नव्हता. गवंड्याला होता.

'परवडणारा' हा आकडा कोण ठरवतं?

इथपर्यंत परवडणं हे ज्याचं त्याचं. पण सरकारला योजना आखायची असते, करात सवलत द्यायची असते, आणि तिथे 'ज्याचं त्याचं' चालत नाही. एक रेघ ओढावी लागते. मग विशेषणाला आकडा चिकटतो.

'परवडणारी घरे' हे याचं आपल्या रोजच्या बघण्यातलं उदाहरण. 1 एप्रिल 2019 पासून बांधकाम चालू असलेल्या घरांवर जीएसटीचे नवे दर लागू झाले: परवडणाऱ्या घराला 1 टक्का, बाकीच्यांना 5 टक्के. परवडणारं म्हणजे कुठलं? किंमत 45 लाखांपर्यंत, आणि चटई क्षेत्र महानगरांत 60 चौरस मीटरपर्यंत, इतरत्र 90 पर्यंत. आपल्या भाषेत अनुक्रमे साधारण 646 आणि 969 चौरस फूट. मुंबई महानगर प्रदेश पहिल्या गटात, पुणे दुसऱ्या गटात. म्हणजे डोंबिवलीत साडेसातशे फुटांचं 44 लाखांचं घर घेतलं तर ते सरकारी हिशेबात परवडणारं नाही, पुण्यात घेतलं तर आहे.

आता रेघेच्या काठावर काय होतं बघा. 45 लाखांच्या घरावर 1 टक्क्यानं 45,000 रुपये कर. किंमत फक्त एक लाखानं वाढून 46 लाख झाली की 5 टक्क्यांनी 2,30,000. एक लाखाच्या फरकानं घर 'परवडणारं' मधून बाहेर पडलं आणि बाहेर पडल्याचा दंड म्हणून आणखी न परवडणारं झालं.

आणि 45 लाख तरी कोणाला परवडतात? नऊ लाख हातचे घातले आणि 36 लाखांचं कर्ज वीस वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी घेतलं, तर महिन्याचा हप्ता एकतीस हजारांच्या पुढे जातो. पगाराचे दोन पंचमांश हप्त्यात गेले तरी चालतील असं मानलं, तरी घरात महिन्याला 78,000 रुपये यायला हवेत. आधी नऊ लाख साठलेले हवेत ते वेगळंच. रिक्षा चालवणाऱ्या किंवा दुकानात नोकरी करणाऱ्या माणसासाठी 'परवडणारी घरे' ही दोन शब्दांची कादंबरी आहे.

औषधपाण्याच्या खर्चालाही अशी रेघ आहे. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांत घराच्या एकूण खर्चाच्या किंवा उत्पन्नाच्या 10 आणि 25 टक्के अशा दोन रेघा वर्षानुवर्षं वापरल्या गेल्या. आजारपणावरचा खर्च त्यापलीकडे गेला की घर कोलमडतं असं धरतात. ही मोजणी कामाची आहे, पण तिच्यात एक भोक आहे आणि ते आपल्याच शब्दांतून दिसतं. ज्या घरानं उपचार केलाच नाही, त्याचा खर्च शून्य. रेघेच्या आत, सुखरूप. जी पोरं औषधाला महाग झाली, ती या तक्त्यात ठणठणीत दिसतात.

'परवडणारा' या विशेषणावर आपल्याकडे एक गाजलेला वाद झाला आहे, तोही मुंबईत. भारतीय पेटंट कायद्याच्या कलम 84 मध्ये म्हटलं आहे की पेटंट असलेली वस्तू लोकांना वाजवीपणे परवडणाऱ्या किमतीत मिळत नसेल, तर दुसऱ्या उत्पादकाला ती बनवण्याचा सक्तीचा परवाना देता येतो. मूत्रपिंड आणि यकृताच्या कर्करोगावरचं सोराफेनिब हे औषध बायर कंपनी नेक्साव्हर या नावानं विकत होती. महिन्याभराच्या 120 गोळ्यांना सुमारे 2,80,000 रुपये. हैदराबादच्या नॅटको कंपनीनं परवाना मागितला. 9 मार्च 2012 रोजी पेटंट नियंत्रक पी. एच. कुरियन यांनी तो दिला: किंमत महिन्याला 8,880 रुपयांच्या वर नको, आणि विक्रीवर 6 टक्के रॉयल्टी बायरला. भारतातला हा पहिला सक्तीचा परवाना.

सुनावणीत घोळ कशावर होता? 'परवडणारी' म्हणजे कोणाला, यावर. बायरचं म्हणणं असं, की वाजवी किंमत ठरवताना संशोधनावर घातलेला पैसाही धरायला हवा. किंमत लोकांच्या बाजूनं वाजवी हवी तशी पेटंटधारकाच्या बाजूनंही हवी. नियंत्रकांनी कलमातला 'लोकांना' हा शब्द पुढे धरला आणि किंमत मुख्यतः लोकांच्याच नजरेतून तपासली. लासलगावचा शेतकरी आणि दादरची बाई यांच्यातला हा तोच पेच आहे, फक्त इथे एका बाजूला बहुराष्ट्रीय कंपनी होती. मुंबई उच्च न्यायालयानं जुलै 2014 मध्ये परवाना कायम ठेवला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयानं बायरची याचिका ऐकायला नकार दिला. कंपनीची बाजू अगदीच पोकळ होती असं मला वाटत नाही. संशोधन फुकट होत नाही. पण 2,80,000 आणि 8,880 हे आकडे शेजारी ठेवले की विशेषणाचा अर्थ कोशात शोधावा लागत नाही.

लिहिताना

रोजच्या लिखाणात मी आता तीन गोष्टी बघते, त्यातली पहिली सगळ्यात उपयोगी. इंग्रजीत विशेषण आहे म्हणून मराठीत विशेषण हवंच असं नाही. 'न परवडणारी फी' हे बरोबर आहे, पण 'फी परवडत नाही' हे जिवंत आहे. नामापुढे 'न परवडणाऱ्या', 'आवाक्याबाहेरच्या', 'डोईजड ठरणाऱ्या' अशी मालगाडी जोडण्यापेक्षा क्रियापद शेवटी ठेवून मोकळं व्हावं. विशेषण लागलंच तर 'झेपण्यापलीकडचा' मला बरा वाटतो. त्यात ऐपतही आली आणि ताकदही.

दुसरं म्हणजे 'कोणाला' हे त्याच वाक्यात लिहावं. 'उपचार महाग आहेत' याऐवजी 'शेतमजुराला हे उपचार परवडत नाहीत'. आणि जमलं तर आकडा द्यावा. 'गगनाला भिडलेले भाव' मी शाळेपासून वाचतेय. आता गगनच डोक्याला लागतंय.

पुस्तिकेच्या दुसऱ्या आवृत्तीत मी ते वाक्य असं केलं: 'उपचारांचा खर्च झेपत नाही म्हणून अनेक कुटुंबे उपचार अर्ध्यावर सोडतात.' आधीच्यापेक्षा शब्दही एखादाच जास्त आला. आरोग्यसेविकेनं काही विचारलं नाही.

परवा भाची फोनवर मैत्रिणीला सांगत होती, "अगं, तो कोर्स मला अफोर्ड नाही होत." तिला मराठी लिहायला कंटाळा येतो आणि परवडणे हा शब्द तिनं शेवटचा कधी वापरला असेल देव जाणे. पण इंग्रजीत अफोर्ड करणारा माणूस कर्ता असतो. हिनं त्याला उचलून 'मला' केलं, कोर्सला कर्त्याच्या जागी बसवलं, आणि पुढे 'होत नाही' लावलं. तिच्या मैत्रिणी 'मी अफोर्ड करू शकत नाही' असंही म्हणतात. तिच्याकडून मी ते अजून ऐकलेलं नाही.